पडल्यापासून पुढे

माझ्या नणंदेचं वजन ब्याऐंशी किलो आहे, आणि चौदा महिने त्या रोज दुपारी माझ्या छातीवर येऊन पडत होत्या. भांडण म्हणून नाही, आमचं चांगलं पटतं. आम्ही शिकत होतो.

दोघी एकाच ठिकाणी कामाला. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात धुलाईखातं आहे. वरच्या तीनशे खोल्यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल, पाहुण्यांचे अंघोळीनंतरचे झगे, सगळं एका रुंद नळकांड्यातून धपाधप खाली येतं. मी रोलरवर. ओल्या चादरीचे दोन कोपरे धरायचे, ताणायचे आणि तापलेल्या रोलरात सोडायचे. पलीकडून बाहेर आलेल्या चादरीची वन्सं घडी करतात. अकरा वर्षं हेच. तळघराला खिडकी नाही. वाफेमुळे माझ्या छातीत खोकल्याने असं घर केलं की डॉक्टरने औषध लिहिण्याआधी विचारलं, "कामाची जागा बदलता येईल का?"

मी म्हटलं, "तुम्ही देता का?"

त्याने औषध लिहून दिलं.

बदलण्यासारखी जागा एकच होती, फाटकावरची. उघड्यावर काम, बसायला खुर्ची, डोक्यावर छप्पर आणि समोर रस्ता. फाटकावर आजवर सगळे पुरुषच, आणि तेही एकाच हॉलमधून आलेले. बाजाराच्या टोकाला एका गॅरेजच्या वर तो हॉल आहे. तिथले सर माणसांना लढायला शिकवतात, आणि हॉटेल त्यांच्या शब्दावर माणसं घेतं. पुढेमागे दोन बायकाही घेणार, अशी कुणकुण लागली तेव्हा मी त्यांच्याकडे गेले होते. सरांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "वय?"

"सदतीस."

"तिशीनंतर हाडं वळत नाहीत हो, ताई. उगाच काहीतरी मोडून घ्याल."

असं कुणी मला सांगितलं की माझं डोकंच फिरतं. परत येताना सगळा रस्ता मी एकटीच बडबडत आले.

मग पुस्तक मिळालं. कुणा पाहुण्याचं राहिलेलं, अभ्र्यात गुंडाळून नळकांड्यातून आमच्या डोक्यावर पडलं. सापडलेली वस्तू वर जमा करावी लागते. तीन महिने कुणी मागितलं नाही, तेव्हा सुपरवायझरने ते माझ्यासमोर टाकलं. "घे, चित्रं बघत बस." लिपी आमच्या ओळखीची नव्हती. ओळीने मुंग्या चालल्यासारखी अक्षरं. आकडेसुद्धा कळेनात. पण प्रत्येक पानावर चार चित्रं होती, आणि चित्रात दोन माणसं, जाड झगे घालून एकमेकांशी झोंबणारी.

"अगं, झगे तर आपल्याकडे ढिगाने आहेत," वन्सं म्हणाल्या.

तेवढ्यावर ठरलं. नळकांडं ज्या खोलीत उघडतं तिथे मळक्या चादरींचा डोंगर असतो. गादीपेक्षा मऊ. डबा दहा मिनिटांत उरकायचा, धुण्यातले दोन झगे अंगावर चढवायचे, कुणाच्या अंगाचा वास येईल तो सोसायचा, आणि पुस्तक टोपलीला टेकवून ठेवायचं. वन्संनी ते उघडलं, पहिल्या पानापासून. सगळ्या पुस्तकांसारखं.

पहिल्या चित्रात एक माणूस पाठीवर पडलेला आणि दुसरा त्याच्या छातीवर आडवा. दुसऱ्या चित्रात खालचा माणूस हवेत, वरच्याच्या कमरेवरून पाय वर करून निघालेला. तिसऱ्यात दोघे उभे, एकमेकांची कॉलर धरून. चौथ्यात दोघे लांब उभे राहून वाकून नमस्कार करताहेत.

"चांगलं आहे," मी म्हटलं. "पडलेल्यापासून सुरू केलंय. कुणाला तरी अक्कल आहे."

खाली कोण पडणार हा प्रश्नच नव्हता. वन्संचा उजवा गुडघा कामातून गेलेला, त्या एकदा पडल्या की क्रेन बोलवावी लागेल. फाटकावर जायचंही मलाच होतं. त्या मला धक्का देऊन पाडायच्या, मग माझ्या छातीवर आडव्या व्हायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, आता घरी आपला फोटोच लागणार.

पहिल्या चित्रातून दुसऱ्यात जायचं कसं, हे पुस्तक सांगत नव्हतं. एका चित्रात माणूस चेंगरलेला, पुढच्यात थेट हवेत. मधलं सगळं गायब. ते आम्ही शोधून काढलं. आधी मी ढकलून पाहिलं. ब्याऐंशी किलो ढकलून हलत नाहीत. मग हसून पाहिलं, कारण वन्संना हसायला लागलं की त्या सैल पडतात, पण ते फाटकावर चालणार नाही म्हणून सोडलं. तिसऱ्या महिन्यात कळलं की त्यांना हलवायचंच नाही, आपण हलायचं. टाच कुल्ह्यापाशी ओढायची, कंबर कुशीवर फिरवून बाजूला सरकवायची. मध्ये वीतभर फट पडली की त्यात गुडघा खुपसायचा. मग कॉलर धरायची आणि त्यांच्याच झग्याला लटकून, त्यांच्याच अंगावरून चढून उभं राहायचं. पकड मला शिकावी लागली नाही. अकरा वर्षं ओल्या चादरी ताणलेल्या बोटांना ती आपोआप येते. हवेतली उडी मात्र शेवटपर्यंत जमली नाही. पुस्तकातले लोक बारीक होते, असं म्हणून आम्ही तो विषय मिटवला.

अशी चाळीस पानं केली. दर पानावर पडायची तऱ्हा वेगळी आणि वर बसणाऱ्याची बसायची तऱ्हा वेगळी. अंग काळंनिळं झालं. आमचे हे एकदा माझी पाठ पाहून घाबरले. "ताईने मारलं का तुला?" त्यांनी विचारलं.

"रोज मारतात," मी म्हटलं. "तुम्ही मध्ये पडू नका."

वर्षाच्या शेवटी मी कुठल्याही पानावरून आठ सेकंदांत उभी राहत होते, आणि माझ्या मुठीत वन्संची कॉलर असायची. खोकला होताच. पण आता खोकत खोकत उठता येत होतं.

मग खरोखरच नोटीस लागली. फाटकावर दोन महिला. स्वसंरक्षण येणं आवश्यक, परीक्षा हॉलमध्ये, परीक्षक सर. आम्ही दोघी अर्ज द्यायला गेलो. वन्संनी हौसेने पुस्तकही घेतलं. सरांनी विचारलं, "कुठे शिकलात?" तेव्हा मी ते अभिमानाने पुढे केलं.

त्यांनी पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू फुलत गेला. पुस्तक मिटून त्यांनी ते मागच्या बाजूने उघडलं.

"ताई, ही लिपी उजवीकडून डावीकडे वाचतात. हे पहिलं पान. तुम्ही शेवटून सुरू केलंत. आणि चित्रंसुद्धा उजवीकडून. हे बघा, आधी नमस्कार. मग पकड. मग फेक. आणि हा पडला, संपलं."

मी पाहिलं. तसंच होतं. आता ते इतकं उघड दिसत होतं की मला माझ्याच डोळ्यांचा राग आला.

"म्हणजे चौदा महिने तुम्ही हरलेल्याचा धडा गिरवलात," सर म्हणाले, आणि त्यांना हसू आवरेना. मागे सराव करणाऱ्या मुलीही हसू लागल्या. एक तर खाली बसून हसली. सर मनाने वाईट नाहीत, डोळे पुसत म्हणाले, "हे सगळं विसरा. सहा महिने नवीन बॅचला येऊन बसा, बघू पुढच्या वर्षी."

"नोटिशीत हॉलला आलं पाहिजे असं लिहिलंय का?"

"नाही. पण..."

"मग अर्ज घ्या," मी म्हटलं.

वन्सं दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी घडीच्या टेबलावर डोकं टेकून म्हणाल्या, "पुस्तक मी उघडलं होतं गं. माझ्यामुळे तुझं वर्ष गेलं." ही बाई नवऱ्याच्या घरातून एका पिशवीनिशी बाहेर पडली तेव्हाही रडली नव्हती. मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, रडायचं तर परीक्षेनंतर रडा, आता सुलट शिकायचं.

आठवडा उरला होता. सुलट म्हणजे मी वन्संना उचलून फेकायचं. पहिल्याच दिवशी माझी कंबर धरली, दुसऱ्या दिवशी मान. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी एकत्र टोपलीत पडलो आणि सुपरवायझरने आम्हाला ट्रॉलीसारखं ओढून बाहेर काढलं.

"पुरे झालं," वन्सं टोपलीतूनच म्हणाल्या. "उलटं तर उलटं. येतंय ना आपल्याला? मग जे येतंय तेच घेऊन जाऊ."

परीक्षेला आम्ही सात जणी. सहा हॉलच्या, विशीतल्या, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. मी वन्संनी शिवून दिलेल्या झग्यात, फाटलेल्या चादरींच्या कापडाच्या. तसाच दुसरा घालून वन्सं मागे पाण्याची बाटली घेऊन उभ्या. हॉटेलच्या सुरक्षाप्रमुख मॅडम खुर्चीत फाईल घेऊन बसल्या होत्या. बाई मोजकं बोलणारी. त्यांनी एकदाच सांगितलं, "सरांची सही झाली की सोमवारपासून फाटक. नाही झाली तर आहे तिथेच." आहे तिथे म्हणजे वाफ.

प्रत्येकीने सरांसमोर तीन मिनिटं उभं राहायचं होतं. मुली चपळ होत्या, खोटं कशाला बोलू. पाय छान टाकायच्या, दोघींनी तर सरांचा तोलही घालवला. पण सरांनी पाडलं की संपलं. पाठ टेकली की मुलगी तिथेच थांबायची, सर "बस" म्हणायचे, ती उठून नमस्कार करायची. हॉलची शिस्तच ती.

माझी पाळी आली. सरांनी माझी कॉलर धरली आणि मी पुढे पाहते तो छत. धाडकन पडले. सर "बस" म्हणायला तोंड उघडतात तोवर मी कुशीवर वळून त्यांचा झगा धरला होता, आणि तोंड मिटेपर्यंत उभी होते. ते दचकले. त्यांनी परत पाडलं. मी परत उठले. तिसऱ्यांदा त्यांनी जोर लावला, मला बरं वाटलं, वन्संच्या धक्क्याच्या जवळपास आला. उठले. चौथ्यांदा खोकल्याची उबळ आली, खोकत उठले. मागच्या मुली हसायच्या थांबल्या होत्या. सर मला पाडून, छातीवर आडवे होऊन दाबून ठेवायला बघू लागले, पण ते पासष्ट-सत्तर किलोंचे असतील. वन्संनंतर ते म्हणजे अंगावर पांघरूण.

तीन मिनिटं झाली. मी सात वेळा पडले होते आणि आठव्यांदा उभी होते. माझ्या मुठीत त्यांची कॉलर होती आणि ते धापा टाकत होते.

"पडल्या सात वेळा, पाडलं एकदाही नाही," सर मॅडमना म्हणाले. "तंत्राचे गुण शून्य."

"पण थांबल्या कुठे?" मॅडम म्हणाल्या. "फाटकावर कुणी ढकलून आत घुसला तर मला अशीच बाई हवी. तुमच्या मुली 'बस' ऐकू यायची वाट बघत बसतील."

सरांचा चेहरा उतरला. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि आवाज मऊ केला. "ठीक आहे. इथे प्रशिक्षकाचा रकाना आहे, तो रिकामा ठेवता येत नाही. माझं नाव घाला. हॉलची विद्यार्थिनी म्हणून पास करतो. तुमचंही भलं, हॉलचंही."

"घाला की," मॅडम म्हणाल्या. "काय जातंय?"

वन्संनी मागून माझ्या पाठीत बोट खुपसलं. "घाल गं बाई. वाफेतून तरी सुटशील."

मी पेन हातात घेतलं. दोन अक्षरांचं आडनाव होतं त्यांचं, एका श्वासात लिहून झालं असतं. सोमवारी मोकळ्या हवेत उभी राहिले असते. मला ती हवा हवी होती, इतकी की डोळ्यांत पाणी आलं. पण त्याच्या मागोमाग संताप आला. चौदा महिन्यांत हा माणूस एक दिवस तरी माझ्या छातीवर पडला होता का? तिशीनंतर हाडं वळत नाहीत म्हणाला, पुस्तक पाहून हसला, आणि आता वळलेली हाडं त्याची?

"नाही," मी म्हटलं.

"मग सही कशी करू?"

"सर, तुम्ही चाळीस पानं उजवीकडून शिकवता. एकच पान डावीकडून करून दाखवा. तुम्ही झोपायचं, वर माणूस ठेवायचा, आणि उठायचं. तुम्हाला तीन मिनिटांत जमलं तर मी तुमचं नाव लिहिते. दोनदा लिहिते."

सगळा हॉल बघत होता. नाही म्हणायची सोय उरली नाही. सर हसत रबरी चटईवर पाठीवर पडले आणि हात पसरून म्हणाले, "या."

मी नाही गेले. मी वन्संकडे पाहिलं.

त्यांनी पाण्याची बाटली मुलींकडे दिली, चपला काढल्या आणि गुडघा सांभाळत खाली बसल्या. "परपुरुषाच्या अंगावर पडायची माझी पहिलीच वेळ आहे हो," त्या म्हणाल्या, "काही चुकलं तर सांगा." आणि आडव्या झाल्या.

सरांच्या तोंडून हवा गेल्याचा आवाज आला. पहिलं अर्धं मिनिट त्यांनी ढकललं. मग जोरात ढकललं. मग पाय हवेत मारले. वन्संनी एकदा फक्त हनुवटी हलवली, केस तोंडात येत होते म्हणून. वीस वर्षांत सरांना कुणी पाडलंच नव्हतं, आणि त्यांच्या हॉलमध्ये पडलं की संपायचं. मग उठायचं कुठून येणार? दोन मिनिटं झाली तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. अडीच झाली तेव्हा त्यांनी धडपड सोडली आणि छताकडे बघत नुसते पडून राहिले. मुली एकमेकींकडे बघत होत्या. कुणीही हसत नव्हतं.

तीन मिनिटं झाली, असं मॅडमनी सांगितलं. वन्सं उठायला लागल्या. मी म्हटलं, "थांबा."

मी सरांच्या डोक्यापाशी बसले. मनात आलं होतं की दोन शब्द सुनवावेत, चांगले झणझणीत. पण खालून त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं मी चौदा महिने छताकडे पाहिलं होतं. माझा राग तिथेच निवला.

"ढकलू नका," मी म्हटलं. "त्या हलणार नाहीत. तुम्ही हला. टाच कुल्ह्यापाशी ओढा. ही नाही, दुसरी. आता कुशीवर वळा, कंबर मागे घ्या. अजून. फट पडली? गुडघा घाला आत."

त्यांनी घातला.

"आता कॉलर. लटका. लाजू नका, त्यांना सवय आहे."

पावणेदोन मिनिटं लागली. मध्ये दोनदा परत चेंगरले. पण वन्संच्या झग्याला धरून, त्यांच्या खांद्यावर भार देऊन, सर शेवटी उभे राहिले. केस विस्कटलेले, पाय थरथरणारे. एका मुलीने टाळी वाजवली आणि मग घाबरून थांबली.

सर टेबलापाशी गेले. प्रशिक्षकाच्या रकान्यात त्यांनी एक आडवी रेघ मारली.

"रेघ म्हणजे काय?" मॅडमनी विचारलं.

"म्हणजे कुणी नाही. स्वतःच शिकल्या."

"कुणी नाही?" चटईवरून वन्सं कडाडल्या. "कुणी नाही कसं? मी काय मेले होते का?"

मी सरांच्या हातातलं पेन घेतलं. रेघ खोडली. तिथे वन्संचं नाव लिहिलं, सासरचं आडनाव न लावता. रकाना छोटा होता, त्यात माझंही नाव बसेना, म्हणून ते मी बाजूच्या कोऱ्या जागेत लिहिलं.

"आता करा सही," मी म्हटलं.

त्यांनी केली.